धूळ कोणती, धूर कोणता? स्मोक डिटेक्टरवरचे चार तास

बँकेत, मॉलमध्ये, दवाखान्यात किंवा नव्या इमारतीच्या जिन्यात छताकडे पाहिलं तर उलट्या वाटीसारखी एक पांढरी वस्तू चिकटवलेली दिसते. तिच्यातला छोटा लाल दिवा मध्येच क्षणभर लुकलुकतो. हा स्मोक डिटेक्टर. मोठी माणसं सहसा त्याच्याकडे बघत नाहीत. मुलं बघतात, कारण त्यांना छताकडे बघायला वेळ असतो.

आमच्या शाळेत संगणक कक्ष, व्हरांडा आणि पोषण आहाराचं धान्य ठेवायची खोली अशा तीन ठिकाणी हे डिटेक्टर बसवलेले आहेत. बसवल्यावर बरेच महिने ते शांत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर व्हरांड्यातला डिटेक्टर वाजायला लागला. धूर कुठेच नाही, पण घंटा सुरू. पहिल्या वेळी सगळे वर्ग रांगेने मैदानात गेले. दुसऱ्या वेळी मुलं हसत खिदळत गेली. चौथ्या वेळी तर कुणी जागचं उठायलाच तयार नव्हतं. शिक्षक खोलीत चर्चा झाली. एक सर म्हणाले, "तेवढा एक बंदच करून टाका, शिकवणं अवघड झालंय." दुसरा उपाय होता त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. खोट्या घंटेचा कंटाळा येतोच.

पण मला काळजी वाटत होती ती मुलांची. 'घंटा वाजली तरी उठायचं नसतं' हा धडा मुलं शिकत होती, तोही आमच्याच शाळेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरातली आग गवती छपरापर्यंत पोचली होती. तिथे डिटेक्टर असता तर काय झालं असतं, असा हिशेब मी करत नाही, कारण गवताला पेटायला वेळच लागत नाही. पण त्या घटनेनंतर न्यायालयात गेलेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. म्हणजे छतावरची ती वाटी पाठ्यपुस्तकाइतकीच मुलांच्या हक्काची आहे. तिला पिशवी बांधण्याआधी ती का वाजते हे समजून घ्यायला हवं, असं मी मुख्याध्यापक सरांना म्हटलं.

उत्तराचा पहिला धागा चौथीतल्या एका मुलाने दिला. तो म्हणाला, "मॅडम, ऑफिसच्या भिंतीवर तो लाल डबा आहे ना, त्याच्यावर पिवळा दिवा कधीचा पेटलाय." तो डबा म्हणजे सगळ्या डिटेक्टरांचं पॅनल. पिवळा दिवा म्हणजे आग नव्हे, 'बिघाड आहे, लक्ष द्या' अशी सूचना. सरांनी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना बोलावलं. त्यांनी पॅनलची बटणं दाबली आणि व्हरांड्यातल्या डिटेक्टरच्या नावापुढे आलेला संदेश दाखवला. मला साफ करा, असा त्याचा अर्थ. यंत्राने तक्रार केव्हाच नोंदवली होती. सुट्टीत व्हरांड्याच्या भिंती घासून पुट्टी आणि रंग झाला होता. त्याची पिठासारखी धूळ आत बसली होती.

तंत्रज्ञ दादांनी मला एक जुना, निकामी झालेला डिटेक्टर दिला आणि अर्धा तास बसून सगळं समजावलं. त्यावर मी चौथीला चार तास घेतले. पाचवीचे सर तिसऱ्या तासापासून आपला वर्गही घेऊन आले. तुम्हाला तुमच्या वर्गात घेता यावेत म्हणून ते चार तास इथे लिहिते आहे.

पहिला तास : उजेडाला अंग येतं

साहित्य : बुटाचा खोका, काळा कागद, टॉर्च, एक अगरबत्ती.

खोक्याला आतून काळा कागद लावला. एका टोकाला टॉर्चपुरतं भोक पाडलं. डोळ्यासाठीचं भोक समोर पाडलं नाही, बाजूला पाडलं. वर्गाच्या खिडक्या लावून टॉर्च सुरू केला आणि मुलांना एकेक करून बाजूच्या भोकातून बघायला लावलं. "काहीच दिसत नाही मॅडम, अंधार आहे." टॉर्च तर सुरू आहे! मग मी स्वतः पेटती अगरबत्ती खोक्यात क्षणभर धरून धूर भरला, अगरबत्ती बाहेर काढून विझवली आणि झाकण लावलं. आता बाजूने बघितल्यावर टॉर्चचा झोत पांढऱ्या काठीसारखा स्पष्ट दिसायला लागला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, उजेडाला अंग आलं!" यापेक्षा चांगली व्याख्या मला सुचली नसती.

कौलातून येणारा कवडसा आपण सगळ्यांनी बघितलाय. तो दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे. सरळ जाणारा प्रकाश बारीक कणांवर आपटतो आणि चहूकडे विखुरतो. त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो. पुढच्या इयत्तांत मुलं याला टिंडल परिणाम म्हणून शिकतात. जॉन टिंडल हे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ. गंमत म्हणजे आग विझवणाऱ्या जवानांसाठी धूर गाळणारा मुखवटाही त्यांनी तयार केला होता.

फोटोइलेक्ट्रिक स्मोक डिटेक्टर म्हणजे आमच्या खोक्याचीच लहान आवृत्ती. आत एक काळी डबी असते. तिच्या भिंतींना वळणावळणाच्या पट्ट्या असतात. त्या चक्रव्यूहातून धूर आत शिरतो, पण बाहेरचा उजेड शिरत नाही. बाहेरून बारीक जाळी असते, किडे आत जाऊ नयेत म्हणून. डबीत एक छोटा दिवा असतो आणि प्रकाश टिपणारा एक सेन्सर. दोघं एकमेकांसमोर नसतात, कोनात बसवलेले असतात. हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा प्रकाश सेन्सरला जवळजवळ दिसतच नाही. धूर आला की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरपर्यंत पोचतो.

हा दिवा बहुतेक वेळा अवरक्त प्रकाशाचा असतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. "न दिसणारा उजेड कसा असेल?" असा प्रश्न आलाच. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. डोळ्याला काही नाही, पडद्यावर मात्र जांभळट ठिपका लुकलुकला. (मागच्या कॅमेऱ्याने दिसला नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरा.) बाहेरून दिसणारा लाल दिवा वेगळा आणि आतला काम करणारा दिवा वेगळा, हेही इथेच सांगून टाकलं.

दुसरा तास : स्वच्छ म्हणजे शून्य नव्हे

सेन्सरवर प्रकाश पडला की अगदी थोडी वीज तयार होते. ती वाढवून मोजली की आकडा मिळतो. आतला दिवा सतत पेटलेला नसतो. काही सेकंदांनी क्षणभर पेटतो, तेव्हाच मोजणी होते. त्यामुळे वीज वाचते. बरेच डिटेक्टर दिवा बंद असतानाही एकदा मोजतात आणि तो आकडा वजा करतात, म्हणजे चुकून आत आलेला उजेड किंवा विजेचा गोंधळ हिशेबात येत नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात दिव्याचा उजेड थोडा कमी-जास्त होतो, चांगल्या यंत्रात तोही फरक तापमान मोजून दुरुस्त केला जातो.

मी फळ्यावर प्रश्न लिहिला : हवा पूर्ण स्वच्छ असेल तर यंत्राचा आकडा किती येईल?

सगळा वर्ग एका सुरात : "शून्य!"

काळ्या भिंतींवरूनही थोडासा प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे स्वच्छ हवेतसुद्धा एक लहान आकडा येतच असतो. खेळासाठी आम्ही तो २० मानला. (हा आकडा आणि पुढचे सगळे आकडे वर्गासाठी मी ठरवलेले आहेत, प्रत्येक यंत्राचे वेगळे असतात.) मग पुढचा प्रश्न : एके दिवशी आकडा खरंच शून्य आला तर?

वर्ग थोडा वेळ गप्प. मग मागून आवाज आला, "हवा लई स्वच्छ झाली?" दुसरा म्हणाला, "नाही, दिवा गेला असंल!" बरोबर. आतला दिवा बंद पडला किंवा सेन्सर बिघडला की तो नेहमीचा लहान आकडाही येत नाही. म्हणूनच शून्याला यंत्र 'सगळं छान' समजत नाही, 'बिघाड' समजतं. स्वच्छ हवेतली ती थोडीशी खळखळ हाच यंत्र जिवंत असल्याचा पुरावा.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, हे वाक्य मी मुलांना सांगितलं आणि मलाच वर्गाकडे नव्याने बघावंसं वाटलं. चालू असलेल्या वर्गात थोडी कुजबुज असतेच. एकदम शून्य आवाज आला तर समजून जावं की कुठला तरी दिवा गेलाय.

तिसरा तास : एकदा दिसलं म्हणून ओरडायचं नाही

आता नियम ठरवला. आकडा स्वच्छ नोंदीपेक्षा ३० ने वाढला, म्हणजे ५० झाला, की धोका. तीन मुलं पुढे बोलावली. एक 'सेन्सर', चिठ्ठीवरचा आकडा वाचणारा. एक 'नोंदवही', हिशेब ठेवणारी. एक 'घंटा'.

पहिली चिठ्ठ्यांची माळ : २०, २१, ५८, २०, २०. अट्ठावन्न ऐकताच 'घंटा' झालेल्या मुलाने ताट बडवलं. मी विचारलं, "पुढच्या वेळी आकडा किती आला?" "वीस." "मग धूर गेला कुठे?" बरीच चर्चा झाली आणि उत्तर निघालं की तो धूर नव्हताच, जाळीतून शिरलेलं चिलट असेल. मग मुलांनीच नियम सुधारला : ओळीने तीन वेळा ५० किंवा जास्त आलं तरच वाजवायचं. दुसरी माळ : २०, ४१, ५५, ५७, ५९. पाचव्या चिठ्ठीला ताट वाजलं, आणि या वेळी बरोबर वाजलं.

खरी यंत्रं साधारण असंच वागतात. एक मोठा आकडा आला की लगेच ओरडत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत. मोजणी भराभर सुरू करतात आणि पुढचे आकडेही तसेच आले तर घंटा वाजवतात. तंत्रज्ञ दादांनी हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आधी नीट बघायचं, मग बोंबलायचं." शब्द जरा गावरान होता, पण नियम पक्का होता.

पाचवीसाठी इथे शेकडेवारी जोडता येते. डिटेक्टर किती धुराला वाजेल हे 'एका फुटात किती टक्के प्रकाश अडतो' यावरून सांगतात. साधारण १ ते ४ टक्के प्रति फूट ही नेहमी आढळणारी मर्यादा. समजा धूर फुटाला २ टक्के प्रकाश अडवतो. मग १०० पैकी पहिल्या फुटानंतर ९८ उरले. दुसऱ्या फुटानंतर ९६ नव्हे, ९८ चे ९८ टक्के, म्हणजे ९६.०४. असं दहा फुटांपर्यंत गेलं की साधारण ८२ उरतात. दहा फुटांवरचा फळा तेव्हा आपल्याला नीट वाचता येईल. आपला डोळा 'सगळं ठीक आहे' म्हणेल त्या वेळी यंत्राने घंटा वाजवलेली असेल.

चौथा तास : धूळ कोणती, धूर कोणता?

आता खरा प्रश्न. यंत्राला धूर आणि धूळ यांतला फरक कळतो का? कळत नाही. त्याला फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो. धूर असो, धूळ असो, कुकरची वाफ असो, त्याच्यासाठी तो एक आकडा आहे. (काही नव्या डिटेक्टरांत दोन रंगांचे दिवे असतात. दोन्ही रंग किती विखुरले याची तुलना करून कण बारीक की मोठे याचा अंदाज घेतात. आमचे तसे नाहीत.)

खेळ पुढे नेला. दर आठवड्याला थोडी धूळ डबीत बसते आणि आकडा १ ने वाढतो. २५ आठवड्यांनी धूर नसतानाही आकडा ४५. त्या दिवशी कार्यालयात पूजेची अगरबत्ती लागली, ६ ची भर पडली. ४५ आणि ६ किती? ५१. ताट वाजलं! वर्गात एकच ओरडा : "आपल्या व्हरांड्यात हेच झालं!"

मग नवा नियम आणला. 'नोंदवही' झालेल्या मुलीला आठवड्यातून एकदा आपली 'स्वच्छ नोंद' बदलायची परवानगी, पण एका वेळी फक्त एका आकड्याने. आता २५ आठवड्यांनी स्वच्छ नोंद २० नाही, ४५ आहे. धोक्याची रेषा ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. अगरबत्तीचे ५१ आले, फरक फक्त ६, घंटा शांत. खरा धूर आला, ३५ ची भर पडली, ८० झाले, फरक ३५, घंटा वाजली. यंत्र बघतं ते 'आकडा किती' हे नव्हे, तर 'नेहमीपेक्षा किती जास्त' हे. उलटंही घडतं. धूळ दिव्याच्या तोंडावरच बसली तर आकडा कमी होतो. तेव्हा स्वच्छ नोंद खाली येते आणि धोक्याची रेषाही तिच्याबरोबर खाली येते, म्हणजे यंत्र मंद होत नाही.

मी हे समजावून खडू खाली ठेवणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ही वर्गात फारशी बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, धूर पण हळूहळू आला तर? त्याला वाटेल धूळच आहे. मग ते सवय करून घेईल ना?"

मला खरंच तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाजवल्यासुद्धा. कारण असं यंत्र तयार करणाऱ्यांनाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो. गादीत ठिणगी पडली की ज्वाळा न दिसता ती कितीतरी वेळ आतल्या आत धुमसत राहते. वायरचंही तसंच. अशा धुमसणाऱ्या आगीच्या धुराचे कण त्यातल्या त्यात मोठे असतात आणि फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टर ते ओळखण्यात तरबेज असतो. (भडकलेल्या आगीचे अतिबारीक कण अमेरिसियम-२४१ वापरणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या डिटेक्टरला लवकर कळतात.) पण हळू येणाऱ्या धुराची यंत्राने सवयच करून घेतली तर उपयोग काय?

उत्तर तिच्याकडूनच फळ्यावर काढून घेतलं. समजा धूर दर ५ मिनिटांनी १ ने वाढतोय. तीन तासांत किती वेळा वाढेल? ३६ वेळा. आकडा २० वरून ५६ वर. नोंदवही आठवड्यातून एकदाच बदलते, म्हणजे तीन तासांत ती २० वरच आहे. फरक ३६. घंटा वाजली! आता समजा नोंदवहीला दर ५ मिनिटांनी बदलायची परवानगी दिली असती तर? धूर एक पाऊल, नोंद एक पाऊल. फरक कायम एक-दोनचाच. खोली धुराने भरली तरी घंटा गप्प.

म्हणजे मेख वेगात आहे. धूळ दिवसा-आठवड्यांनी वाढते, धूर मिनिटा-तासांनी. यंत्राने जुळवून घ्यायचं ते धुळीच्या वेगाने, धुराच्या वेगाने नाही. खऱ्या यंत्रात हा वेग कंपनीप्रमाणे वेगवेगळा असतो, पण तत्त्व हेच.

आणखी एक कडी आहे. जुळवून घ्यायलाही मर्यादा हवी. आमच्या खेळात सेन्सर १०० पर्यंतच मोजू शकतो. धूळ साचत स्वच्छ नोंद ७५ झाली तर धोक्याची रेषा १०५ वर जाईल आणि तो आकडा कधीच येणार नाही. यंत्र सुरू असेल, लाल दिवा लुकलुकत असेल, पण ते वाजूच शकणार नाही. म्हणून यंत्र आपला कारखान्यातला पहिला आकडाही जपून ठेवतं. आजची नोंद त्या पहिल्या आकड्यापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे गेली की ते जुळवून घेणं थांबवतं आणि सांगतं : मला साफ करा. आमच्या व्हरांड्यात हेच घडलं होतं. घासकामाच्या धुळीने मर्यादा संपली, पॅनलवर पिवळा दिवा लागला, आणि त्यापुढे जी धूळ बसली ती यंत्राला धूर वाटायला लागली.

त्यानंतर काय झालं

तंत्रज्ञ दादांनी डिटेक्टर उतरवून साफ केला आणि परत बसवून पॅनलवरून नव्याने सुरू केला. "साफ केल्यावर नुसता परत लावून चालत नाही," ते म्हणाले. आमच्या मुलांना याचं कारण आकड्यात सांगता आलं : नोंद ४५ ची राहिली आणि खरा आकडा २० वर आला, तर ७५ गाठायला ३० नाही, ५५ ची भर लागेल. मग दादांनी चाचणीचा धूर सोडून घंटा वाजते ना हे सगळ्यांसमोर बघितलं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा पॅनलचं पान आणि मुलांचा फळ्यावरचा हिशेब दोन्ही मांडले. 'बंद करा' हा विषय तिथेच संपला. तीन गोष्टी ठरल्या. रंगकाम किंवा घासकाम असेल तेव्हा डिटेक्टरला झाकण घालायचं आणि काम संपल्यावर ते काढल्याची सही घ्यायची. दर सोमवारी चौथीतले दोघं पॅनल बघून 'हिरवा की पिवळा' हे वहीत लिहिणार. आणि महिन्यातून एकदा सांगून कवायत घ्यायची, म्हणजे घंटेचा अर्थ मुलांच्या पायांना पुन्हा कळेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पण पिवळा दिवा जानेवारी-जुलै बघून लागत नाही. त्यासाठी सोमवारची वहीच हवी.

जूनचं पान

त्या मुलीच्या प्रश्नातून मी माझ्यासाठी एक गोष्ट घेतली. शिक्षकालाही जुळवून घ्यावं लागतं. घेतलं नाही तर प्रत्येक खोडीला, प्रत्येक विसरलेल्या वहीला आपण घंटा वाजवू आणि मग आपलं कुणी ऐकणार नाही. एखादा मुलगा मुळातच चळवळ्या असतो, एखादी मुळातच शांत. त्यांची 'स्वच्छ नोंद' वेगळी असते हे मान्य करावंच लागतं. पण रोज थोडं थोडं बदलत जाणारं मूल आपण कालच्याशी ताडून बघितलं तर फरक कायम एक-दोनचाच दिसतो.

म्हणून यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं एक पान लिहिलं. कुठे बसतो, आवाज केवढा, डबा किती खातो, कुणाबरोबर खेळतो, अक्षर कसं आहे. चार-पाच ओळी, शेरा नाही. महिन्याच्या शेवटी मूल ताडून बघायचं ते जूनशी, कालशी नाही. ऑगस्टमध्ये एका मुलीच्या पानावर दिसलं : जूनमध्ये चौथ्या बाकावर बसणारी मुलगी आता पहिल्या बाकावर आहे. मधले बदल तिनेच मैत्रिणींशी जागा बदलून केले होते, एकेक बाक. आईला बोलावून डोळे तपासायला सांगितले. आता तिला चष्मा आहे आणि ती परत मैत्रिणीशेजारी चौथ्या बाकावर बसते. मोठी गोष्ट नाही. चार-पाच ओळींच्या पानाने केलेलं काम आहे.

पालकांसाठी थोडं

आपल्याकडे घरोघरी डिटेक्टर नसले तरी नव्या इमारतींत ते येताहेत. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना तिथे फोडणी दिल्यावर घंटा वाजल्याचा अनुभव असेलच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. वाजला की आधी खरंच धूर आहे का ते बघा. फोडणीचा धूर असेल तर खिडकी उघडा, किंवा थोडा वेळ गप्प करायचं बटण असेल तर ते दाबा. बॅटरी काढून ठेवू नका. मध्ये मध्ये एकच 'टिक' असा आवाज आला तर ती आग नसते, बहुधा बॅटरी संपत आलेली असते. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा. बाहेरच्या जाळीवरून हलका व्हॅक्यूम किंवा कोरडा मऊ ब्रश फिरवा. ओलं फडकं आत जाऊ देऊ नका. नवा घेतला असेल तर वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलंय ना ते बघा. तयार केल्याची तारीख मागच्या बाजूला असते, तिला दहा वर्षं झाली की यंत्र बदला. ऐन गॅसजवळ आणि न्हाणीघराच्या दारावर तो लावू नका, तिथे वाफ आणि धूर रोजचेच. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा डिटेक्टर जास्त बरा.

आणि मुलांना हे सगळं तोंडी सांगण्यापेक्षा बुटाचा खोका घ्या. अगरबत्ती तुमच्या हातात, डोळा मुलाचा. उजेडाला अंग आलेलं एकदा दिसलं की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात. तुमच्या वर्गात कुठला प्रश्न आला ते जरूर कळवा, पुढच्या वेळी मी तो माझ्या वर्गाला विचारीन.